अलीकडे पाहिलेले मराठी चित्रपट: 'संथ आहे' एवढ्यावरून सोडून द्यावेत का?

आडवाट

एखादा नवा मराठी चित्रपट पाहावा की नाही, असे ओळखीच्या मंडळींना विचारले की हल्ली बहुतेक वेळा दोनच शब्दांत निकाल लागतो: 'संथ आहे'. तेवढे ऐकून माणूस तिकीट काढायचे टाळतो, आणि पुढच्या शुक्रवारी तो चित्रपट जवळच्या पडद्यावरून उतरलेला असतो. 'स्थळ', 'साबर बोंडं' आणि पायल कपाडिया यांचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' या तिन्ही चित्रपटांच्या बाबतीत मला हेच सांगण्यात आले होते. तिघांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तिघांचाही वेग त्यांच्या विषयातून आलेला आहे आणि तो वेग काढून घेतला तर हाती काही उरणार नाही, असे माझे ठाम मत झाले आहे. कथेतील मोठी वळणे आणि शेवट मी उघड करणार नाही. प्रतिसाद देणाऱ्यांनीही कृपया तेवढे पथ्य पाळावे.

जयंत दिगंबर सोमलकर यांचा 'स्थळ' २०२३ साली टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला, तेथे त्याला आशियाई चित्रपटांसाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला, आणि आपल्याकडे तो मार्च २०२५ मध्ये लागला. विदर्भातील एका खेड्यात सविता नावाची मुलगी शिकते आहे, तिला स्पर्धा परीक्षा द्यायची आहे, आणि घरच्यांना तिचे लग्न उरकायचे आहे. कथा म्हणाल तर एवढीच. चित्रपटाच्या सुरुवातीला मात्र एक उलटा प्रसंग येतो: मुलाला मधोमध बसवलेले आहे आणि बायका त्याला प्रश्न विचारत आहेत. ते सविताचे स्वप्न आहे. ती जागी होते, आणि मग प्रत्यक्षातला कार्यक्रम सुरू होतो, ज्यात मधोमध ती बसलेली असते आणि पुरुष तिला नाव, शिक्षण, उंची असे एकेक विचारत जातात. हा कार्यक्रम दिग्दर्शक पुन्हा पुन्हा, जवळजवळ त्याच क्रमाने दाखवतो. पहिल्या वेळी आपल्याला थोडे हसू येते. नंतर तोच प्रश्न पुन्हा आला की अंगावर येतो, कारण उत्तर आता आपल्यालाही पाठ झालेले असते आणि तरीही ती खाली मान घालून ते नव्याने देते. ज्यांना हे 'तेच तेच' वाटले, त्यांना चित्रपट नेमका समजला आहे असे मी म्हणेन. ते तेच तेच असणे हाच त्या मुलीचा छळ आहे, आणि तो एका प्रसंगात दाखवून पुढे सरकता येत नाही. नंदिनी चिकटे यांनी साकारलेली सविता फारशी बोलत नाही. तिचे डोळे कोणाकडे आणि कधी वर उठतात, तेवढे पाहत राहावे.

'साबर बोंडं' हा रोहन परशुराम कानवडे यांचा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट असून २०२५ च्या सनडान्स महोत्सवात त्याला जागतिक कथाचित्रपट विभागातील ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळाले. मुंबईत कॉल सेंटरमध्ये काम करणारा आनंद वडील गेल्यावर दहा दिवसांसाठी गावी येतो. तेथे बाळ्या हा त्याचा लहानपणचा मित्र आहे, आणि या दोघांमध्ये हळूहळू जे जुळत जाते त्याची ही गोष्ट आहे. सुतकाचे दहा दिवस ज्यांनी पाळले आहेत, त्यांना माहीत असेल की त्या दिवसांत वेळ कसा जड होतो: माणसे भेटायला येतात, बसतात, तेच प्रश्न विचारतात, उठतात. या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. कॅमेरा बराच काळ एका जागी स्थिर असतो आणि माणसे चौकटीत येतात-जातात. लग्न कधी करणार, हा प्रश्न ऐन सुतकातही आनंदची पाठ सोडत नाही. आई मात्र त्याला पुरती ओळखते. जयश्री जगताप यांनी ही आई इतक्या कमी शब्दांत उभी केली आहे की समलिंगी मुलाच्या आईविषयी मराठीत यापूर्वी असे काही पाहिल्याचे मला आठवत नाही. बाळ्याने आनंदसाठी आणलेली साबर बोंडं, म्हणजे निवडुंगाची ती लालबुंद, काटेरी फळे, ती सोलण्याची त्याची सवयीची पद्धत, आणि आनंदचे ते पाहत बसणे: प्रेमाचा उच्चार करायचा तर तो असा.

'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' मुख्यतः मल्याळम आहे, सोबत हिंदी आणि मराठी. २०२४ साली कान महोत्सवात त्याला ग्रँड प्री मिळाले. मुंबईतील एका रुग्णालयात काम करणाऱ्या प्रभा आणि अनू या दोन मल्याळी परिचारिका आणि तेथेच स्वयंपाकाचे काम करणारी पार्वती अशा तिघींची ही गोष्ट आहे. छाया कदम यांची पार्वती पाहण्यासाठी मराठी माणसाने हा चित्रपट आवर्जून पाहावा. नवऱ्याच्या मागे ती ज्या घरात राहिली, ते तिचे असल्याचा एकही कागद तिच्याकडे नाही, आणि बिल्डरला जागा हवी आहे. गिरणगावात वाढलेल्या कोणालाही ही गोष्ट नव्याने सांगावी लागणार नाही.

'दशावतार' हा चित्रपट मुद्दाम वेगळा ठेवतो आहे, कारण त्याच्याविषयी माझे मत अजून पुरते ठरलेले नाही. इतरांची मते वाचायला आवडेल.

उपनगर

लेख आवडला, परंतु एका मुद्द्यावर माझा स्पष्ट मतभेद आहे. दिवसभर नोकरी आणि लोकलचा प्रवास करून घरी येणाऱ्या माणसाने, कुटुंबाची तिकिटे, प्रवास आणि मध्यंतरातले खाणे एवढा खर्च करून चित्रपटाला जायचे, तर चित्रपटाने आपल्याला कोठे तरी घेऊन जावे ही अपेक्षा गैर नाही. ती अपेक्षा ठेवणाऱ्या प्रेक्षकाला अभिरुची नाही असा सूर अशा चर्चांमध्ये पुष्कळदा लागतो. आपला तसा हेतू नाही हे मला दिसते, तरी हे सांगणे आवश्यक वाटले.

'साबर बोंडं' मी पाहिला. सुरुवातीचा रुग्णालयातला आणि गावी पोहोचेपर्यंतचा भाग मला अत्यंत प्रामाणिक वाटला. मधल्या भागात मात्र आनंद आणि बाळ्या माळावर भेटतात, थोडे बोलतात, गप्प राहतात, असे प्रसंग एकापाठोपाठ येतात, आणि त्यांतील एक-दोन गाळले असते तर त्या दोघांच्या नात्यात काहीही उणे झाले नसते. आपण 'स्थळ'मधील पुनरावृत्तीचे जे समर्थन केले आहे ते मला पटते, कारण तेथे प्रत्येक वेळी दडपण वाढत जाते. येथे दडपण वाढत नाही, ते तेवढेच राहते. वेग विषयातून आला आहे, असे म्हणून प्रत्येक लांबलेला प्रसंग माफ करता येणार नाही.

उलट परेश मोकाशी यांचा 'वाळवी' घ्या. दोन तासांच्या आत संपतो, एक वाक्य वाया जात नाही, आणि तरीही माणसे किती सहज खुनापर्यंत पोहोचतात हे तो दाखवून देतो. ७० व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून त्याची निवड झाली, तेव्हा गतिमान चित्रपटालाही गंभीरपणे घेतले जाते याचा मला आनंद झाला होता. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी कोणतेही परीक्षण न वाचता पाहावा.

पऱ्हाटी

मी चंद्रपूर जिल्ह्यातली आहे, त्यामुळे 'स्थळ'विषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. हा चित्रपट आमच्याच भागात, गावातल्याच माणसांना घेऊन केलेला आहे, आणि बोली ऐकताना कोठेही कान अडखळला नाही. विदर्भातले पात्र म्हटले की त्याला विनोदी करायचे, प्रत्येक वाक्यात ठरावीक दोन-तीन शब्द पेरायचे, ही मालिकांची रीत आम्ही वर्षानुवर्षे सोसत आलो आहोत. येथे माणसे आमच्यासारखी बोलतात आणि त्यांचे बोलणे कोणाला हसवण्यासाठी नाही, याचे मोल बाहेरच्या वाचकांना कदाचित चटकन कळणार नाही.

मूळ लेखात वडिलांविषयी फारसे आले नाही, म्हणून ते जोडते. सविताचे वडील दौलतराव कापूस पिकवतात. घरात कापूस पडून आहे, भाव मिळत नाही, आणि मुलीचे लग्न तर काढायचे आहे. आमच्याकडे मुलीचे लग्न पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या पिकावर ठरते असे म्हटले तर ते शब्दशः खरे आहे: वेचणी झाली, माल विकला, हातात रोख आली, तरच तारीख धरायची. भाव पडला की माल घरात ठेवायचा की मिळेल त्या भावाने विकायचा, हा निर्णय बापाला घ्यावा लागतो, आणि मुलगी तो निर्णय शेजारच्या खोलीत बसून ऐकत असते. चित्रपटात या दोन गोष्टी वेगळ्या ठेवलेल्या नाहीत. मालाची पारख करणारा व्यापारी आणि मुलीची पारख करणारे पाहुणे यांच्या नजरेत फरक नाही हे दिग्दर्शकाने एकाही वाक्यात सांगितलेले नाही, तरी ते कळते. त्यामुळे दौलतरावांचा मला राग आला नाही. त्यांच्यावर प्रेम करणारी मुलगी त्यांच्याच हतबलतेत अडकते, आणि खरे दुःख ते आहे.

कॉलेजातला तासही विसरू नये. वर्गात महिला सक्षमीकरणाचा धडा शिकवला जातो, मुली वहीत लिहून घेतात, आणि त्याच मुलीला घरी पाहुण्यांसमोर जाऊन बसावे लागते. हे मी स्वतः भोगले आहे. आमच्या घरी पाहुणे येऊन गेल्यावर महिनोन्महिने निरोप येत नसे, आणि नकाराचे कारण दर वेळी रंग किंवा उंची हेच असायचे. चित्रपट पाहून बाहेर पडल्यावर माझी धाकटी नणंद बराच वेळ काही बोलली नाही. नंतर तिने घरी सांगून टाकले की यापुढे मुलाला भेटायचे असेल तर ती बाहेर, बरोबरीने बसून भेटेल. घरात यावर वाद झाला आणि अजून चालू आहे.

सर्वांनी पाहावा, आणि शक्य असेल तर वडीलधाऱ्या पुरुषांसोबत पाहावा.

दहिकाला

सिंधुदुर्गातला असल्यामुळे 'दशावतार'विषयी मी लिहितो. सुबोध खानोलकर दिग्दर्शित हा चित्रपट १२ सप्टेंबर २०२५ रोजी प्रदर्शित झाला. बाबुली मेस्त्री हा म्हातारा दशावतारी कलावंत, त्याची अंधुक होत गेलेली नजर, आता तरी बापाने थांबावे म्हणून धडपडणारा मुलगा माधव, आणि गावाच्या डोंगरावर डोळा ठेवून असलेला खाणधंदा, असा हा पट आहे.

प्रथम जमलेल्या गोष्टी सांगतो. आमच्याकडे कार्तिक महिन्यापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि दशावताराची मंडळे रात्री-रात्री या गावातून त्या गावात जातात. नाटकाची छापील संहिता नसते. आख्यान ठरते, कोणी कोणती भूमिका करायची ते ठरते, आणि संवाद कलावंत तेथेच उभे राहून रचतो. रंगमंचावर एक बाकडे असते: तेच सिंहासन, तोच पर्वत, तोच महाल. बाजूला पायपेटी, मृदंग आणि झांज. स्त्रीपात्रे पुरुषच करतात आणि प्रत्येक जण आपले तोंड आपणच रंगवतो. पहाट होईपर्यंत हे चालते आणि सकाळी हाच माणूस शेतात किंवा कामावर गेलेला असतो. बाबुलीच्या घरात ही दोन आयुष्ये शेजारी शेजारी नांदताना दिसतात. दिलीप प्रभावळकर आरशासमोर बसून रंग लावतात तेव्हा बोटांना चेहऱ्याची वाट माहीत आहे असे वाटते, डोळ्यांची गरज उरलेली नाही. ऑगस्ट १९४४ चा जन्म असलेला हा नट वयाच्या ऐंशीच्या पुढेमागे मुखवटे, जंगल, पाणी आणि रात्र यांत जे करतो, त्यासाठी हा चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहणे मला आवश्यक वाटते.

आता न जमलेले. मध्यंतरानंतर कथा सूडाच्या वाटेला लागते. एकेका अवताराने एकेक दुर्जन गाठायचा, ही कल्पना कागदावर आकर्षक आहे, पण खाणीचा प्रश्न तिच्या आड जातो. आमच्या जिल्ह्यात खाणींवरून गावेच्या गावे दुभंगली आहेत. नोकरी मिळेल म्हणून हो म्हणणारा आणि पाणी जाईल म्हणून नाही म्हणणारा हे बहुधा एकाच घरातले दोघे भाऊ असतात. चित्रपटात दुष्ट माणसे इतकी सरळ दुष्ट आहेत की त्यांना शिक्षा झाली म्हणजे प्रश्न मिटला असे वाटून प्रेक्षक समाधानाने घरी जातो. पूर्वार्धातल्या माधवमध्ये हा पेच होता, कारण त्याला नोकरी हवी होती आणि बापाचे गावही हवे होते. तो धागा पुढे न्यायला हवा होता.

तरीही पाहावा, हेच माझे मत. गावातल्या ज्या म्हाताऱ्यांनी कित्येक वर्षांत थिएटरची पायरी चढली नव्हती, ते या चित्रपटासाठी कणकवली-सावंतवाडीला गेले. आपली रात्रीची कला पडद्यावर आदराने दाखवली गेली याचे त्यांना अप्रूप होते, आणि ते मला योग्यच वाटते.

आडवाट

दहिकाला यांच्या प्रतिसादामुळे माझा 'दशावतार'विषयीचा संभ्रम बराच दूर झाला. मला उत्तरार्ध खटकला होता, परंतु नेमके काय हरवले ते शब्दांत सापडत नव्हते. माधवच्या मनातला पेच हे त्याचे नेमके उत्तर आहे.

उपनगर यांचा आक्षेप मी गांभीर्याने घेतो. लांबलेला प्रसंग आणि सावकाश उलगडणारा प्रसंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसऱ्याच्या नावाखाली पहिला खपवला जातो हे खरे. माझी कसोटी साधी आहे: प्रसंग संपताना पात्रांविषयी सुरुवातीपेक्षा काही अधिक कळले का? माळावरच्या प्रसंगांना मी हीच कसोटी लावतो. पहिल्या भेटीत आनंद शहरातून आलेला, दुःखात असलेला आणि सगळीकडून वेढलेला आहे, तर बाळ्या मोकळा वाटतो. भेटी वाढत जातात तसे कळते की अडकलेला बाळ्याही आहे, कारण शेती, घर आणि गाव सोडून त्याला जाता येत नाही, आणि आनंदला दहा दिवसांनी का होईना, परतण्याची सोय आहे. हा पालट एका भेटीत झाला असता तर खोटा वाटला असता. तरी एखादा प्रसंग कमी चालला असता, हे मान्य.

आवाजाविषयी एक गोष्ट राहिली. पार्श्वसंगीत नसल्यामुळे या चित्रपटात शेळ्या, वारा, शेजारच्या घरातली भांडी, दूरचा बोलण्याचा आवाज हे सगळे ऐकू येते, आणि दोघे जण बोलायचे थांबतात तेव्हा त्यांच्याभोवतीचा गाव बोलत राहतो. घरी मोबाइलवर पाहिल्यास यातले फारसे पोहोचत नाही आणि मग उरते ती केवळ शांतता. 'कंटाळा आला' असे म्हणणाऱ्यांपैकी अनेकांनी तो तसा पाहिलेला असतो. परंतु यात त्यांचा दोष किती? मराठी चित्रपटांना चांगल्या वेळेचे खेळ मिळावेत म्हणून २०१५ साली राज्य सरकारला नियम जाहीर करावा लागला होता, आणि आजही लहान चित्रपटाला सकाळचा किंवा रात्री उशिराचा एखादा खेळ मिळाला तर निर्माते नशीब समजतात. ज्याला सायंकाळी सात वाजता खेळच उपलब्ध नाही, त्याने काय करावे?

दूरदेशी

मी गेली अनेक वर्षे जर्मनीत राहतो, म्हणून 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'विषयी थोडे लिहितो. प्रभाचा नवरा जर्मनीत आहे. लग्नानंतर लवकरच तो गेला, पुढे फोनही बंद झाले, आणि एके दिवशी अचानक पार्सलमधून भात शिजवण्याचे विजेचे भांडे येते. सोबत चिठ्ठी नाही. ते त्यानेच पाठवले का, हेही तिला नीट कळत नाही. रात्री एकटी असताना ती त्या भांड्याला दोन्ही हातांनी कवेत घेते. येथील चित्रपटगृहात तो प्रसंग आला तेव्हा सभागृह निःशब्द झाले होते, आणि मला मात्र त्या न दिसणाऱ्या नवऱ्याचा विचार सुचत होता. परदेशी आलेला माणूस घरच्यांपासून तुटतो तो एका दिवसात तुटत नाही. आधी फोनचे अंतर वाढते, मग काय बोलावे ते सुचेनासे होते, मग वस्तू पाठवल्या जातात. दिग्दर्शिकेने त्याची बाजू मांडलेली नाही आणि त्याला खलनायकही केलेले नाही. चित्रपट त्या स्त्रीच्या जागी उभा राहून तिला जेवढे ठाऊक आहे तेवढेच आपल्याला दाखवतो.

पार्वती रत्नागिरीकडच्या आपल्या गावी परतते त्यानंतरचा भाग काहींना तुटक वाटला असे वाचले. मला तो चित्रपटाचा सर्वांत श्रीमंत भाग वाटला. मुंबईत या तिघी सतत पावसात, गर्दीत आणि निळसर उजेडात दिसतात. किनाऱ्यावर आल्यावर प्रथमच त्यांना ऊन आणि मोकळी जागा मिळते, आणि मुंबईत ओठांवर न आलेले बोलणे तेथे आपोआप बाहेर येते.

एक विचारायचे होते. पुढच्या महिन्यात मी पुण्यात आईकडे येत आहे. तिचे वय पंचाहत्तरीच्या पुढे आहे, ऐकायला थोडे कमी येते, आणि सोबत माझी दहा वर्षांची मुलगी असेल, जिचे मराठी बोलण्यापुरतेच आहे. या दोघींना घेऊन घरी काय पाहावे?

पऱ्हाटी

मुलीसाठी 'नाळ भाग २' निःशंकपणे पाहा. पहिला भाग आधी पाहिलात तर उत्तम, कारण चैत्याला आपल्या जन्मदात्या आईविषयी कळते ते तेथे, आणि दुसऱ्या भागात तो तिच्या गावी जातो, जिथे त्याला भाऊ मणी आणि लहानगी चिमी भेटतात. यातील श्रीनिवास पोकळे, भार्गव जगताप आणि त्रिशा ठोसर या तिन्ही मुलांना ७१ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत बालकलाकाराचा सन्मान मिळाला. चिमीच्या हट्टाला आणि रुसण्याला भाषांतराची गरज पडत नाही, आपल्या मुलीला ते लगेच कळेल. आईंसाठी सुजय डहाके यांचा कृष्णधवल 'श्यामची आई' सुचवते. मूळ गोष्ट त्यांना माहीत असणारच, त्यामुळे एखादा संवाद नीट ऐकू आला नाही तरी अडणार नाही.

उपनगर

पऱ्हाटी यांच्या सुचवणीत एवढीच भर घालतो की 'ऑल वी इमॅजिन' आणि 'साबर बोंडं' हे दोन्ही मुलगी झोपल्यावर पाहावेत, कारण त्यांतील काही प्रसंग प्रौढांसाठी आहेत. 'साबर बोंडं' आईंना दाखवायचा की नाही, हे आपण त्यांना अधिक ओळखता. माझ्या सासूबाईंनी तो माझ्याबरोबर पाहिला आणि त्यांना बाळ्यापेक्षा आनंदच्या आईविषयी अधिक बोलायचे होते. मराठी चित्रपटांनाही बहुतेक ऑनलाइन मंचांवर उपशीर्षके असतात. ऐकू कमी येत असेल तर दूरचित्रवाणीवर ती मोठ्या अक्षरांत लावून द्या, आणि पहिल्या दिवशी 'नाळ' दुपारीच सुरू करा, म्हणजे दोन्ही भाग एकापाठोपाठ होतील.